पन्नाशीनंतर स्कूबा: डाइव्हमास्टरवर थांबायचं की इन्स्ट्रक्टर व्हायचं?

व्हीआरएस घेतली, मुलं मार्गी लागली, अंदमानला जाऊन डाइव्ह करून झाल्या आणि आता डोक्यात किडा शिरलाय की आपणच शिकवावं, अशी मंडळी हल्ली बरीच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, वय आड येतं का? कागदावर तरी नाही येत. पॅडी या स्कूबाची सर्टिफिकेटं देणाऱ्या जागतिक संस्थेत डाइव्हमास्टरसाठी कमीत कमी वय १८ आहे, वरची मर्यादा नाहीच. रे वूली नावाच्या आजोबांनी तर २०१९ मध्ये सायप्रसजवळ झेनोबिया या बुडालेल्या जहाजावर ९६व्या वर्षी ४० मीटरपेक्षा खोल डाइव्ह केलीय. पण ते स्वतःच्या आनंदासाठी उतरले होते, मागे घाबरलेले शिकाऊ लोक घेऊन उतरले नव्हते.

तर आता दोन्ही रस्ते बघू. डाइव्हमास्टर ही प्रोफेशनल कामाची पहिली पायरी. त्याआधी रेस्क्यू डायव्हर, म्हणजे अडचणीतल्या डायव्हरला वाचवायचा कोर्स, झालेला असावा लागतो, कोर्स सुरू करताना लॉगबुकात ४० डाइव्ह आणि संपवताना ६० लागतात. पोहण्याच्या चाचण्या ऐकून लोक उगाच दचकतात, ४०० मीटर न थांबता पोहणं, मास्क-स्नॉर्केल-फिन्स घालून हात न वापरता ८०० मीटर, १५ मिनिटं पाण्यात तरंगत राहणं आणि दमलेल्या डायव्हरला १०० मीटर ओढत नेणं. वेळेप्रमाणे गुण मिळतात, त्यामुळे पंचवीशीतल्या पोरापेक्षा हळू पोहलात तरी पास होता येतं, पण त्याआधी रोज पोहण्याची सवय हवी.

डाइव्हमास्टर झालात की सर्टिफाइड डायव्हर्सना फिरवून आणायचं आणि इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली मदत करायची. स्वतःच्या सहीवर कोणाला ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पूर्ण कोर्सचं, कार्ड देता येत नाही. इन्स्ट्रक्टरला ते देता येतं, म्हणून त्याची परीक्षाही वेगळी. तोवर १०० डाइव्ह हव्यात, आयडीसी नावाचा इन्स्ट्रक्टर घडवणारा कोर्स करायचा, फर्स्ट एड शिकवण्याचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर बसायचं. फिजिक्स, फिजिऑलॉजी, इक्विपमेंट वगैरेचे पेपर ७५ टक्क्यांना पास. हा भाग आपल्या वयाच्या लोकांना बहुतेक सोपा जातो, आणि ज्यांनी वर्गात किंवा ऑफिसात माणसं शिकवलीत त्यांना तर प्रेझेंटेशनचं काही वाटत नाही. घाम फुटतो तो पाण्यातल्या भागात, म्हणजे इतर उमेदवार तुमचे विद्यार्थी होतात, त्यातला एक मुद्दाम चूक करतो आणि ती तुम्ही वेळेत पकडायची.

आता शरीराचं बोलू, कारण ब्रोशरमध्ये हे कोणी लिहीत नाही. नेहमीचा ॲल्युमिनियमचा टँक रिकामाच १४ किलोच्या आसपास असतो, आणि सकाळी बोटीवर ते चढवायचे, दुपारी उतरवायचे, भरायला न्यायचे. गंमत म्हणजे हे काम इन्स्ट्रक्टरपेक्षा डाइव्हमास्टरच्या वाट्याला जास्त येतं, तेव्हा पाठीचा त्रास आहे म्हणून डाइव्हमास्टरवरच थांबतो हे गणित चुकतं. कानाचं मात्र उलटं. ओपन वॉटर कोर्समध्ये हवा संपली असं समजून एका श्वासात सावकाश वर यायचा सराव असतो, ६ ते ९ मीटरवरून, आणि तो इन्स्ट्रक्टरला प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर वेगळा करावा लागतो. बॅचमध्ये सहा जण असले तर तेवढ्या वेळा वर, तेवढ्या वेळा खाली, आणि प्रत्येक वेळी कान इक्वलाइझ, म्हणजे कानातला दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतका करायचा. सायनसवाल्यांनी याचा आधी विचार करा.

पैशाचं थोडक्यात सांगते, यावर घर चालेल ही आशा नको. डाइव्हमास्टर इंटर्नशिपमध्ये बऱ्याच ठिकाणी तुम्ही फुकट राबता, इन्स्ट्रक्टरला अनेकदा विद्यार्थ्यामागे पैसे मिळतात आणि दर वर्षी मेंबरशिपची फी भरावी लागते, वर इन्शुरन्स. पेन्शन किंवा साठवलेलं काही असेल तरच यात पडा.

कुठे काम करणार यावरही बरंच ठरतं. मालवण-तारकर्लीला बहुतेक येणारे एकदाच उतरणारे पर्यटक, हात धरून खाली नेऊन फोटो काढून वर आणायचं, त्यात तिथली स्थानिक पोरं इतकी तरबेज आहेत की तुमच्या कार्डाला फारशी किंमत नाही, आणि पावसाळ्यात सगळंच बंद. अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, खरे कोर्स चालतात, पण तिथे महिनोनमहिने राहायची तयारी हवी. थायलंडच्या को ताओला कोर्स स्वस्तात होतो हे खरं, मात्र वर्क परमिटशिवाय तिथे काम करता येत नाही.

मला विचाराल तर आपल्या वयाला सगळ्यात जमणारा प्रकार वेगळाच आहे. पुण्या-मुंबईत राहायचं, थिअरी आणि पूलचं सेशन शनिवार-रविवारी घ्यायचं आणि समुद्रातल्या डाइव्हसाठी बॅच घेऊन मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला किंवा अंदमानला जायचं. यात चाळिशी-पन्नाशीतले, पाण्याला घाबरणारे विद्यार्थी बरेच येतात आणि त्यांना टॅटूवाल्या पोरापेक्षा पिकल्या केसांचा माणूस समोर असला की हायसं वाटतं. पण हे करायला इन्स्ट्रक्टरच व्हावं लागतं, डाइव्हमास्टरवर भागत नाही.

म्हणून माझं मत असं. समुद्र आवडतो, लोकांना मासे दाखवायला आवडतं, एवढंच असेल तर डाइव्हमास्टर करून थांबा, हौस भागते. शिकवण्याची खाज असेल तर पुढे जा, पण डाइव्हमास्टर झाल्यावर एक सीझन कुठेतरी काम करून मगच, कारण दोन्ही कोर्स एकत्र स्वस्तात देतो म्हणणारी पॅकेजेस फार असतात आणि ती घेतली की मधे थांबून विचार करायला जागाच उरत नाही.

आणि फी भरायच्या आधी मेडिकल. डायव्हिंगच्या फॉर्ममध्ये ४५ च्या पुढच्यांना सिगारेट, कोलेस्टेरॉल, बीपी, घरातला हृदयविकार असे वेगळे प्रश्न आहेत, आणि डाइव्हमास्टर-इन्स्ट्रक्टर होणाऱ्याला तर डॉक्टरची सही लागतेच, तीही १२ महिन्यांच्या आतली. ओळखीच्या डॉक्टरकडून चहा पिता पिता सही घेऊ नका. डायव्हिंगमधल्या मृत्यूंमध्ये हृदयाच्या त्रासाचा वाटा मोठा आहे, तेव्हा स्ट्रेस टेस्ट करून घ्या, कानाच्या डॉक्टरला दाखवा, आणि रिपोर्ट हातात आल्यावर मग डाइव्ह सेंटरला फोन करा.