जॅझ शिकायचंय: बॉस्टनची पदवी की पुण्यातली शिकवणी?

भाचा बारावी झाला, पियानो बरा वाजवतो आणि आता त्याला जॅझच शिकायचंय. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची पदवी आहे, पण तिथला भर हिंदुस्थानी संगीतावर. मग उरतात दोन वाटा: बॉस्टनचं बर्कली संगीत महाविद्यालय, किंवा घरी राहून खासगी शिक्षक आणि जोडीला लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड (पायरीपायरीच्या) परीक्षा.

खर्चाची तुलनाच नको. बर्कलीची नुसती फी वर्षाला 40 हजार डॉलरच्या वर, राहणं-खाणं वेगळं. तेवढ्यात इथे चांगला पियानो येतो, वर कित्येक वर्षांची शिकवणी.

खरा फरक सोबतीचा. बारा बारचा ब्लूज, म्हणजे बारा मापांची जॅझमधली ठरलेली चौकट, हातात बसला तरी मागे बास गिटार आणि ड्रम नसतील तर इम्प्रोवायझेशन, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं वाजवणं, लंगडं राहतं; तबल्याशिवाय ख्याल गाण्यासारखंच ते. कॉलेजात एकत्र वाजवणं अभ्यासक्रमातच असतं. पुण्यात माणसं आपणच जमवायची, आणि बासवाला मिळालाच तर लग्नसराईत गायब! ग्रेड परीक्षांनी शिस्त लागते, पण ठरलेल्या रचना बसवणं आणि समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर देणं वेगळं.

जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचे सोलो (एकट्याने वाजवलेले तुकडे) कानाने ऐकून उतरवायला मात्र दोन्हीकडे मेहनत तेवढीच, आणि फी शून्य.

वाजवण्यावरच पोट भरायचं असेल आणि मोठी शिष्यवृत्ती मिळत असेल तर बॉस्टन. कर्ज काढून जायचं असेल किंवा मन अजून डळमळत असेल, तर आधी दोन वर्षं पुण्यात, ट्रिओ जमवून.