मुठीत दांडी धरून गुडघ्याचं 'वंगण' मोजणारे

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत गुडघे तपासणी शिबिर' झालं आणि सासूबाई पिशवीभर सिरपच्या बाटल्या घेऊन घरी आल्या. साडेआठ हजार गेले. तीच मंडळी आता आसपासच्या सोसायट्यांतून फिरताहेत, म्हणून लिहितेय.

लॅपटॉपला जोडलेली एक दांडी मुठीत धरायला देतात. मिनिटभरात छापील रिपोर्ट हातात: 'सांध्यातील वंगण ३१ टक्के', शेजारी लाल बाण. मग पांढरा कोट घातलेला मुलगा (आपण डॉक्टर आहोत असं तो कुठेच म्हणत नाही, बरं का) आवाज खाली आणून सांगतो, "मावशी, वंगण पार आटलंय. आता वाट्या घासल्या की ऑपरेशनच."

पुढे गुडघा टम्म सुजला, तेव्हा त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुईने पाणी काढलं, तर तीसेक मिली निघालं! हे पाणी म्हणजेच ते 'वंगण'; निरोगी गुडघ्यात ते जेमतेम अर्धा ते चार मिली असतं. आटलं कसलं, तुडुंब भरलं होतं. डॉक्टरांनी ग्लोव्ह घातलेल्या अंगठ्यावर एक थेंब घेतला, त्यावर तर्जनी टेकवली आणि बोटं हळूहळू लांब केली. चांगल्या द्रवाची कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखी चांगली लांब तार निघते. इथे ती लगेच तुटली. हा चिकटपणा येतो हायलुरॉनिक ॲसिडच्या लांबलचक रेणूंमुळे, आणि हे ॲसिड सांध्याच्या आतल्या अस्तरातच तयार होतं. झिजेच्या संधिवातात हे रेणू तुटतात, सूज आली की त्यात आणखी पाणी मिसळतं, आणि द्रव पातळ होतो. तो किती घट्ट आहे हे बघायला तो आधी बाहेर काढावा लागतो. मुठीतल्या दांडीला ते काय कळणार, कपाळ!

हे ॲसिड इंजेक्शनने गुडघ्यात देतात, हे खरं. पण अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना तेसुद्धा सरसकट देऊ नका म्हणतात. मग चमचाभर सिरप पोटात घेऊन गुडघ्यात वंगण कुठून भरणार?

बाटलीवर बारीक अक्षरांत 'आहारपूरक, औषधी वापरासाठी नाही' असं छापलंय. पावती मात्र 'देणगी' म्हणून फाडलेली, त्यामुळे ग्राहक आयोगात खरेदी दाखवायची कशी हाच प्रश्न. पावतीवरचा फोन बंद आहे. तुमच्याकडे कुणी हॉल मागायला आलं, तर सेक्रेटरींना आधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारायला सांगा.