सौरपंपाच्या नावानं आलेली फाईल

पौषातली गोष्ट. आमच्याकडे त्या आठवड्यात शेतपंपाची थ्री फेज लाइट रात्री साडेबाराला येत होती. पहाटे साडेपाचपर्यंत कांद्याची दारं धरायची, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, आणि कान उसाच्या फडाकडे, कारण पंधरवड्यापूर्वीच शेजारच्या वस्तीवरून बिबट्यानं शेळी नेलेली. हे सांगायचं कारण म्हणजे मोबाइलवरून माझी फसवणूक झाल्यावर 'लोभापायी फसला' असं मला दोघातिघांनी ऐकवलं. लोभ कसला, मला झोप हवी होती.

दिवसा पाणी देता यावं म्हणून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत मी रीतसर अर्ज केला होता. शेत तीन एकर, म्हणजे पाच एचपीचा पंप. दहा टक्के हिस्साही भरला होता. फक्त पंपाची कंपनी निवडायची राहिली होती.

सकाळी नऊला फोन आला. मी रात्रभर जागा. समोरचा शुद्ध मराठीत, "दादा, कंपनी निवडायची आज शेवटची तारीख आहे." गाव त्यानं सांगितलं, पंपाची एचपीही सांगितली. मग माझा संशय कशाला टिकतो? व्हॉट्सॲपवर फाईल आली. नावात योजना, शेवटी डॉट एपीके, म्हणजे कागद नव्हे, फोनवर चढणारं ॲप. डीपीला सरकारी बोधचिन्ह.

फाईल उघडताना फोननं दोनदा अडवलं होतं. अज्ञात ठिकाणचं ॲप आहे, धोका आहे, असं लिहून आलं. तो फोनवरच होता. म्हणाला, "सरकारी ॲपला तसं येतंच, पुढे जा." गेलो. ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, दिली. नंतर 'खाते पडताळणी'. आधार, खातं, एटीएम कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे. ओटीपी मात्र त्यानं एकदाही विचारला नाही. त्यामुळेच मी निर्धास्त होतो! पण त्याला विचारायची गरजच नव्हती. माझे मेसेज ते ॲप परस्पर त्याच्याकडे धाडत होतं.

जेवून झोपलो. चारला चुलतभावाचा फोन आला, तोही बायकोच्या मोबाइलवर. "तू पाठवलेली फाईल उघडंना रे." मी कुठलीच फाईल पाठवली नव्हती. माझ्या व्हॉट्सॲपवरून ती सोसायटीच्या ग्रुपवर, पाहुण्यांत, सगळीकडे गेलेली. खात्यातून 49,000 आणि 24,500, असे दोन वेळा गेले होते. पहिल्या काढणीच्या कांद्याच्या विक्रीचे पैसे होते ते.

मोबाइलचं नेट बंद केलं, बायकोच्या फोनवरून आधी 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला, मग बँकेत सांगून कार्ड बंद केलं. 1930 वाले तक्रार क्रमांक देतात आणि पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तर तिथंच अडवतात. माझे 24,500 अडकले, 49,000 तोवर काढून झाले होते. बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या व्यवहाराचा भार ग्राहकावर नसतो, असा नियम रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये केला. पण त्याच नियमात, माहिती आपणच दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. जेवून दुपारी चारपर्यंत मी झोपलो ते असं महागात पडलं.

एक गोष्ट सगळ्यांना नीट सांगतो. 'पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असेल तरच खरी साइट' असं सरसकट सांगतात. कुसुम या केंद्राच्या सौरपंप योजनेच्या साइटला ते आहेच, पण आपला हा अर्ज महावितरणच्या साइटवर होतो आणि तिचा पत्ता महाडिस्कॉम डॉट इन आहे. म्हणजे नुसतं शेपूट बघून भागत नाही. महावितरणचा मेसेज कुणाच्या दहा आकडी नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल ही महावितरणच्या इंग्रजी नावाची अक्षरं असतात. अर्जाचं काय झालं ते स्वतः पत्ता टाकून साइटवर बघा, नाहीतर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात चक्कर मारा.

त्या संध्याकाळी साडेसात वाजेपर्यंत मी आणि बायको एकेका पाहुण्याला फोन लावत होतो, ती फाईल उघडू नका म्हणून. दोघांनी उघडली होती. नंतर स्वेटर चढवला, बॅटरी चार्जिंगला लावली. साडेबाराला लाइट येणार होती.