जुना पिकअप, खटक्याचा फोर बाय फोर आणि देवगडचा खारा वारा: १४ महिन्यांनंतर

गाडी २०१२ची. डबल केबिन पिकअप, डिझेल, हाताचे गिअर. मी घेतली तेव्हा १ लाख ३८ हजार किलोमीटर पळालेली होती. आमची हापूसची कलमं देवगडच्या बाजूला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर आहेत. डांबरी संपली की दीड किलोमीटर जांभ्याची वाट, मध्ये व्हाळ (ओढा), आणि व्हाळ ओलांडला की अशी घाटी की जूननंतर रिकामा टेम्पोही चढायचं नाव घेत नाही. म्हणून फोर बाय फोर हवा होता. बाकी सीट फाटकी, एसी नावापुरता, डिकीचं दार दोनदा आपटावं लागतं. त्याबद्दल काही तक्रार नाही. लिहायचं आहे ते डॅशबोर्डवरच्या त्या गोल खटक्याबद्दल: टू एच (फक्त मागची चाकं ओढतात), फोर एच (चारही ओढतात), फोर एल (चारही, पण हळू आणि जास्त जोराने).

घेताना विकणाऱ्याने डांबरी रस्त्यावर खटका फिरवून दाखवला. दिवा लागला. तो म्हणाला, बघा, एकदम ओके. मीही मान डोलावली. माझी पहिली चूक हीच. दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढायला लागली असा अर्थ होत नाही, हे मला कळायला आठ महिने आणि एक पावसाळा लागला.

आधी हे प्रकरण चालतं कसं ते सांगतो. जुन्या जीपमध्ये गिअरच्या शेजारी दुसरा लोखंडी दांडा असायचा. ओढला की ट्रान्सफर केसमधला, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीतला, दात जुळवणारा काटा सरकायचा, संपलं. माझ्या गाडीत त्या दांड्याच्या जागी एक छोटी मोटर ट्रान्सफर केसच्या मागच्या अंगाला बसवली आहे. तुम्ही खटका फिरवता तेव्हा प्रत्यक्षात काहीच सरकत नाही, फक्त एक अर्ज जातो. तो जातो मॉड्यूल नावाच्या डबीकडे. डबी आधी गाडीचा वेग बघते, फोर एल मागितला असेल तर क्लच दाबलाय का आणि गिअर न्यूट्रलला आहे का तेही बघते, मग मोटरला करंट सोडते. मोटरच्या आत एक चकती असते, तिच्यावर पितळी पट्टे. मोटर कुठवर फिरली ते या पट्ट्यांवरून डबीला कळतं. ट्रान्सफर केसमध्ये आणखी एक चुंबकी कॉइल असते, ती पुढच्या शाफ्टला मागच्याच्या वेगावर आणते, म्हणजे चालत्या गाडीत दात खरखरत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी पुढच्या ॲक्सलवरची व्हॅक्यूमची, म्हणजे हवा ओढून घेतली की हलणारी, कॅप्सूल चाकांचा सांधा जुळवते. एकाने अर्ज करायचा, दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने काम करायचं आणि चौथ्याने झालं म्हणून कळवायचं, असा ग्रामपंचायतीसारखा कारभार आहे. एक माणूस रजेवर गेला की काम अडलं.

पहिला माणूस रजेवर गेला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. घाटीच्या पायथ्याशी खटका फोर एचवर नेला. दिवा लुकलुकायला लागला आणि लुकलुकतच राहिला. गाडीखालून एक ‘टक’ आला, पुढे काही नाही. मागे खतांच्या गोणी, वर पाऊस. गोणी डोक्यावरून वर नेल्या.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी खाली वाकूनही न बघता सांगितलं, मोटर गेली, डबीही बदलावी लागेल. मोटरचेच २२ हजार सांगितले, डबीचे वेगळे, आणि ती मिळेल याची खात्री नाही. जुन्या गाडीचं हेच दुखणं आहे. पार्ट महाग असतो त्यापेक्षा मिळत नाही हे जास्त छळतं.

मग गाठले आमच्या तिठ्यावरचे भाऊ. ते ट्रॅक्टर, रिक्षा, होडीचं इंजिन, सगळ्यांचं वायरिंग करतात. हातात टेस्ट लॅम्प आणि एक पिवळा मल्टीमीटर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मोटार मेली म्हणान कोणी सांगल्यान तुका? आदी अर्थ बघूया.” अर्थ म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट.

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे पैसे याच पायरीवर वाचतील. बॅटरी शांत असताना १२.५ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ठीक. फ्यूज शाबूत. रिलेचा, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या विजेच्या खटक्याचा, आवाज येत होता, तो ‘टक’ त्याचाच. एवढ्यावर कोणीही म्हणेल की करंट पोचतोय आणि मोटरच फिरत नाही. पण भाऊंनी मीटरच्या सुया मोटरच्या दोन जाड वायरींवर लावल्या आणि मला खटका फिरवायला सांगितला. त्या क्षणी बॅटरीवर १२.१ होते आणि मोटरवर फक्त ८.९. मधले ३.२ व्होल्ट गेले कुठे? त्यांनी एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, दुसरी मोटरच्या परतीच्या वायरवर, आणि परत खटका. २.६ व्होल्ट. म्हणजे बहुतेक गळती अर्थच्या बाजूलाच. तिथे पाव व्होल्टसुद्धा जास्तच. खटका न फिरवता मोजलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं, करंट वाहत असतानाच ही चोरी पकडता येते.

डबीचा अर्थ सीटखाली चासीला एका बोल्टने बांधलेला होता. बोल्ट सोडला तर खालचा लग (वायरीच्या टोकाची कडी) हिरवा पडून भुगा झालेला. खाऱ्या वाऱ्यात नेहमी उघडी असणारी, आणि दरवर्षी कोकणचा धो धो पाऊस झेलणारी गाडी, दुसरं काय होणार? लग कापून नवीन, चासी पॉलिश पेपरने घासून चकचकीत, बोल्ट आवळून वर ग्रीसचा थर. खर्च १५० रुपये, त्यात चहा. मोटर फिरली.

पण एवढ्यावर संपलं नाही. दहापैकी सहा वेळा फोर एच लागायचा, चार वेळा दिवा लुकलुकायचा. मोटर फिरताना ऐकू यायची, तरी डबीचं समाधान होत नव्हतं. म्हणजे करंट ठीक, निरोप चुकतोय. मोटर काढली.

काढण्याआधी दोन गोष्टी केल्या, तुम्हीही करा. चाकांना पुढूनमागून दगड लावले. मोटर काढल्यावर ती ज्याला फिरवते तो ट्रान्सफर केसचा दांडा हाताने फिरतो, आणि तो चुकून मधल्या न्यूट्रलवर गेला तर गाडी गिअरमध्ये असूनही घरंगळते. आणि दांडा व मोटर यांच्यावर एकाच रेषेत मार्करने खूण केली, म्हणजे बसवताना कोडं सोडवत बसायला नको. दांडा पान्याने हलवून बघितला, व्यवस्थित सरकला, म्हणजे ट्रान्सफर केसच्या आत काही अडकलेलं नाही. मोटर बाकावर घेऊन बॅटरीच्या दोन वायरी क्षणभर टेकवल्या, फिरली. वायरी उलट केल्या, उलटी फिरली. बावीस हजारांची ‘मेलेली’ मोटर ती हीच.

आतली चकती मात्र बघण्यासारखी होती. पितळी पट्ट्यांवर हिरवट काळा थर, आणि जुनं ग्रीस सुकून साबणासारखं. गंमत अशी की टू एचच्या जागेवर ब्रश टेकायचे तेवढाच भाग चमकत होता. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं फोर बाय फोर लावलाच नव्हता, याचा याहून चांगला पुरावा नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर, खोडरबर, पातळ ग्रीस. वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पिनाही पुसल्या, त्यातली एक मागे सरकली होती, ती पुढे ढकलून बसवली. वायर ज्या तोंडातून आत जाते तिथली रबरी सील कडक झाली होती, तिच्यावर सिलिकॉन लावला. तेव्हापासून लुकलुकणं बंद.

मी खूष. जुलैत बागेत गेलो, फोर एच लावला, दिवा स्थिर. आणि व्हाळाच्या चिखलात गाडी मस्तपैकी रुतली. मागची दोन्ही चाकं चिखल उडवतायत, पुढची शांत. आतेभाऊ बाजूला उभा राहून बघत होता, तो म्हणाला, “अरे, फुडची चाका झोपलीत!” माझ्या गाडीतला दिवा फक्त ट्रान्सफर केस कुठे आहे ते सांगतो. ॲक्सलचा सांधा जुळला की नाही, हे त्याच्या गावीही नसतं.

याचा शोध लागला तो ब्रेकवरून. फोर एच लावला की ब्रेकचा पाय किंचित कडक वाटायचा, टू एचला परत नरम. माझ्या डिझेल गाडीत व्हॅक्यूम येतो आल्टरनेटरच्या मागच्या पंपातून, आणि ब्रेक हलका करणारा बूस्टरही त्याच्यावरच जगतो. म्हणजे फोर एचला जी वाट उघडते तिथेच कुठेतरी गळती. इंजिन चालू ठेवून पुढच्या ॲक्सलपाशी कान लावला तर फुसफुस. पाईप कॅप्सूलवर जिथे चढतो तिथे चिरलेला, बोटभर. चिरलेलं टोक कापलं, उरलेला पाईप ओढून चढवला, क्लिप मारली. महिन्याभराने मात्र पूर्ण पाईपच बदलला, कारण एका जागी चिरलेलं रबर दुसरीकडेही चिरणारच. मीटरच्या हिशोबाने मिळतो, स्वस्त आहे.

खरोखर लागलंय का ते तपासायची माझी पद्धत आता अशी: मऊ मातीवर फोर एच लावून दहा पावलं सरळ चालवायची, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड, आणि एक पुढचं चाक जॅकवर. हाताने फिरवलं की थोड्या ढिलाईनंतर अडलं पाहिजे. वाऱ्यावर फिरत राहिलं तर सांधा जुळलेला नाही.

एक घोळ मी स्वतः केला. दिवाळीत मागचे दोन टायर नवीन टाकले, पुढचे झिजलेलेच ठेवले, पैसे वाचवले म्हणून. त्यानंतर फोर एचमधून टू एचला यायचं नावच नाही. या प्रकारात पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो, दोन्ही एकाच वेगाने बांधले जातात. चाकांचा घेर वेगळा पडला की आत पीळ बसत जातो आणि काटा दातांत घट्ट धरला जातो. मोटर बिचारी तो सोडवू शकत नाही. सरळ रेषेत पाच-सात मीटर मागे घेतली की पीळ सुटतो आणि टक्कन टू एच येतो. कोरड्या डांबरीवर फोर एच लावू नये ते याच कारणाने, तिथे चाक घसरून पीळ सोडवत नाही. पुढचे टायर जानेवारीत टाकले. वाचवलेले पैसे तीन महिन्यांत गेले.

फोर एल मी मे महिन्यात सगळ्यात जास्त वापरला. आंब्याच्या पेट्या भरून घाटी उतरताना ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही, पहिल्या गिअरात गाडी म्हाताऱ्यासारखी पाऊल टाकत उतरते. पेट्या हलत नाहीत, आणि हापूसला धक्का बसला की दोन दिवसांनी डाग दिसतो हे ज्याने बाजारात तोटा खाल्लाय त्यालाच माहीत. तो लावायला मात्र धीर पाहिजे. गाडी पूर्ण उभी, क्लच पूर्ण खाली, गिअर न्यूट्रल, खटका, आणि मनात पाच मोजायचे. तरी नाही लागला तर टू एचवर परत येऊन गाडी हातभर पुढे सरकवून पुन्हा. दात समोरासमोर आले की असं होतं, बिघाड नव्हे. ड्रायव्हर म्हणून ठेवलेल्या पोराला हे शिकवायला मला दोन आठवडे लागले. तो तीनदा भराभर फिरवायचा आणि डबी गोंधळून गप्प बसायची.

आता दर पंधरा दिवसांनी, गरज असो नसो, बागेच्या वाटेवर टू एच, फोर एच, फोर एल, परत, असा एक फेरा मारतो. आतापर्यंत सगळा मिळून खर्च, टायर सोडून, ३ हजारांच्या आत.

पुन्हा घ्यायची झाली तर? लोखंडी दांड्यावालीच घेईन, खोटं कशाला बोलू. आमच्या हवेत जितक्या वायरी कमी तितकं बरं. पण दांड्यावाली बंद केबिनची, एसी असलेली, माझ्या बजेटात बसणारी गाडी मला तेव्हा मिळाली नव्हती, आणि या खटक्याचं गणित एकदा कळल्यावर तो आता त्रास देत नाही. फक्त रात्री, पावसात, व्हाळाला पाणी असताना खटका फिरवला की दिवा स्थिर होईपर्यंतचे ते चार सेकंद अजून लांब वाटतात.

कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा जुन्या बाजारातून तशीच एक मोटर घेऊन ठेवली, अडीअडचणीला. ग्रीस लावून, प्लास्टिकात गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माळ्यावर आहे. दर दोन महिन्यांनी आई तो डबा खाली काढते, उघडते आणि विचारते, “ह्यां काय आसा? भंगारात घालू?”