लिचेसवरील ब्लिट्झ: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर मी गेले अनेक महिने जवळजवळ रोज ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांतच संपणारे वेगवान डाव, खेळते आहे. त्याआधी माझा खेळ मुख्यतः पटावरचा होता. सांगलीतील स्पर्धा आणि सायंकाळी विश्रामबागेत जमणारी आमची मंडळी, एवढेच त्याचे क्षेत्र. या काळात माझे ब्लिट्झचे रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, २००० च्या आसपास होते ते २२०० च्या थोडे पुढे गेले. त्या आकड्यापेक्षा मला अधिक मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की ही वाढ कोठून आली हे मला बऱ्याच अंशी दाखवून देता येते. माझा हात पूर्वीपेक्षा वेगाने चालू लागलेला नाही. घड्याळातील सेकंद कोठे खर्च करायचे आणि कोठे राखायचे, याबद्दलचा निर्णय सुधारला आणि त्याच्या मागोमाग रेटिंग सुधारले.

ज्यांना या संकेतस्थळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने ते २०१० मध्ये सुरू केले. आज ते फ्रान्समध्ये नोंदलेल्या ना-नफा संस्थेमार्फत आणि देणग्यांवर चालते. त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे, जाहिराती नाहीत, आणि देणगी देणाऱ्याला नावापाशी पंखांचे छोटे चिन्ह मिळते, याखेरीज त्याला कोणतीही जादा सोय मिळत नाही. डावाचे संगणकीय विश्लेषण, कोडी, ओपनिंगचा म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा संग्रह, हे सारे शाळकरी मुलालाही तितकेच उपलब्ध आहे जितके ग्रँडमास्टरला. प्रशिक्षणाचा, प्रवासाचा आणि स्पर्धांच्या प्रवेश शुल्काचा खर्च सोसणाऱ्या आपल्याकडच्या पालकांना याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

पहिला प्रश्न असतो तो वेळेच्या निवडीचा, आणि माझ्या मते सुधारणेचा अर्धा भाग येथेच ठरतो. लिचेसवर सर्वाधिक चटक लागते ती ३+० या डावाची, म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटे आणि चालीमागे काहीही वाढ नाही. मी सुरुवातीचे काही आठवडे सोडले तर सातत्याने ३+२ खेळले, म्हणजे तीन मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे दोन सेकंदांची वाढ. फरक वरवर किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहावा. साठ चालींच्या डावात ३+० मध्ये एका चालीला सरासरी तीन सेकंद मिळतात. ३+२ मध्ये एकूण वेळ पाच मिनिटांची होते आणि चालीमागे पाच सेकंद येतात. त्याहून मोठी गोष्ट अशी, की शेवटी घड्याळात दोनच सेकंद उरले तरी प्रत्येक चालीबरोबर दोन सेकंद परत मिळत राहतात आणि जिंकलेला डाव जिंकून दाखवण्याची संधी शिल्लक राहते. वाढ नसलेल्या डावात शेवटी पटावर काय आहे याला अर्थ उरत नाही, हत्ती इकडून तिकडे फिरवून समोरच्याची वेळ संपवणे हेच कसब ठरते. ते कसबही कसबच आहे, हे मी मान्य करते. पण त्यातून बुद्धिबळ सुधारत नाही. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची जागतिक ब्लिट्झ स्पर्धा ३+२ वरच खेळवली जाते, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

लिचेस डावाचा गट ठरवताना मूळ वेळेत चालीमागच्या वाढीची चाळीसपट मिळवते. त्यामुळे २+१ चा डाव १६० सेकंदांचा धरला जाऊन बुलेट या ब्लिट्झहूनही वेगवान गटात मोडतो, तर ३+० चा १८० सेकंदांचा आणि ३+२ चा २६० सेकंदांचा असे दोन्ही ब्लिट्झमध्येच येतात. परिणामी एकाच रेटिंगखाली दोन अगदी वेगळ्या कौशल्यांची सरमिसळ होते. ज्याला स्वतःची प्रगती मोजायची आहे त्याने निदान काही महिने एकच वेळ धरून ठेवावी, नाहीतर आकडा वर गेला तरी तो कशामुळे गेला हे कळणार नाही.

रेटिंगविषयी आणखी एक. येथे ग्लिको-२ ही पद्धत वापरली जाते, प्रत्येकाची सुरुवात १५०० पासून होते आणि आकडा जोवर अस्थिर आहे तोवर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह असते. फिडेच्या रेटिंगशी त्याची थेट तुलना करू नये; लिचेसचा आकडा साधारणपणे वरचा असतो. नियमित खेळणाऱ्याचे बरोबरीच्या खेळाडूशी एका डावात पाच-सहा गुण इकडेतिकडे होतात, म्हणजे एका वाईट संध्याकाळी पन्नास-साठ गुण सहज जातात आणि त्यांचा खेळाच्या दर्जाशी फारसा संबंध नसतो. मी दिवसाच्या आकड्याकडे पाहणे सोडून महिन्याच्या आलेखाकडे पाहू लागले. सलग दोन डाव हरल्यावर त्या दिवशी रेटिंगचा तिसरा डाव लावायचा नाही, हा नियमही मी कसोशीने पाळला. पराभवानंतर लगेच लावलेला डाव समोरच्याविरुद्ध खेळला जात नाही, मागच्या डावाविरुद्ध खेळला जातो, आणि त्यात वेळेचा सर्वाधिक अपव्यय होतो.

आता मूळ मुद्दा. डाव संपल्यावर विश्लेषणाच्या पानावर प्रत्येक चालीला किती वेळ लागला याचा आलेख दिसतो. बहुतेक खेळाडू तो पाहत नाहीत. त्यांचे लक्ष इंजिनाने, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामने, दाखवलेल्या घोडचुकांकडे असते. मी आठवड्यातून एकदा त्या आठवड्यातील हरलेले डाव उघडून आधी केवळ हा आलेख पाहते, चाली नंतर. त्यातून माझ्या खेळाचे जे चित्र समोर आले ते स्पष्ट होते. सातव्या ते बाराव्या चालीदरम्यान, जेथे स्थिती परिचित असते आणि दोन-तीन चाली सारख्याच चांगल्या असतात, तेथे उंच उंच स्तंभ होते. पंचविसाव्या चालीनंतर, जेथे एखादी अदलाबदल डावाचे भवितव्य ठरवते, तेथे स्तंभ बुटके होते. म्हणजे जेथे विचाराची गरज नव्हती तेथे विचार होत होता आणि जेथे होती तेथे वेळ उरलेली नव्हती.

एक उदाहरण देते. काळ्या मोहऱ्यांनी मी कारो-कान हे ओपनिंग खेळते. पांढऱ्याने पुढे सरकण्याचा प्रकार निवडला की चाली अशा होतात (अक्षर पटाचा उभा स्तंभ आणि आकडा आडवी रांग दाखवतो): ई४ सी६, डी४ डी५, ई५ आणि काळ्याचा उंट एफ५ वर. येथे ऑनलाइन ब्लिट्झमध्ये एच४ ही चाल सतत समोर येते. काळ्याने सवयीने ई६ केले तर जी४ येते आणि उंट अडकतो: तो ई४ वर गेला तर एफ३, मग जी६ वर आला तर एच५, आणि उंट गेला. म्हणून एच४ ला उत्तर म्हणून एच५ किंवा एच६ सारखी एखादी चाल आधीच ठरलेली हवी. मी हे जाणून होते, तरीही प्रत्येक वेळी त्या ठिकाणी दहा-बारा सेकंद जात, कारण एच५ आणि एच६ यांतील निवड मी पटावर बसून नव्याने करत होते. मग एकदाच शांतपणे ओपनिंगच्या संग्रहात बसून एच५ निश्चित केले, त्यानंतरच्या रचनेतील घोड्यांच्या जागा पाहून ठेवल्या आणि तो विषय बंद केला. आता ती चाल एका सेकंदात होते. अशा चार-पाच जागा हेरून तेथील निर्णय आधीच घेऊन टाकल्यामुळे मधल्या डावासाठी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ शिल्लक राहू लागली, आणि तीन मिनिटांच्या डावात अर्धे मिनिट ही मोठी ठेव आहे.

वेग हा मुळात ओळखीतून येतो, याला संशोधनाचाही आधार आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की खऱ्या डावांतील स्थिती काही क्षण पाहून मास्टर खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी चांगली मांडू शकतो, पण मोहरी पटावर कशीही विखुरली तर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती सरसकट मोठी नसते, त्याच्या ओळखीच्या रचना अधिक असतात. लिचेसवरील कोडी या दृष्टीने मी वापरते. पझल स्टॉर्म हा तीन मिनिटांत जास्तीत जास्त कोडी सोडवण्याचा प्रकार डावाआधी डोळे मोकळे करण्यासाठी ठीक आहे. मात्र खरा उपयोग झाला तो विषयवार कोड्यांचा, ज्यांत केवळ पिनची (मागच्या मोलाच्या मोहऱ्यामुळे जखडलेल्या मोहऱ्याची) किंवा केवळ मागच्या रांगेवर राजाला मात देण्याची कोडी सलग घेता येतात.

अंतिम डावाचा, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्याचा, अभ्यास ब्लिट्झसाठी निरुपयोगी आहे असा एक समज आमच्या तरुण खेळाडूंमध्ये रूढ आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. हत्ती आणि एक प्यादे विरुद्ध हत्ती ही स्थिती ब्लिट्झमध्ये वारंवार येते, आणि ती येते तेव्हा घड्याळात दहा सेकंदही नसतात. फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकात दाखवलेला बचाव माहीत असला तर विचाराची गरजच उरत नाही. समजा काळ्याचा राजा ई८ वर, पांढऱ्याचे प्यादे ई५ वर आणि राजा डी५ वर आहे. काळ्याने हत्ती सहाव्या रांगेत ठेवून वाट पाहावी, पांढऱ्या राजाला तेथे येऊ देऊ नये. प्यादे ई६ वर गेले की हत्ती थेट पहिल्या रांगेत न्यावा आणि मागून शह देत राहावे, कारण आता पांढऱ्या राजाला प्याद्याआड लपता येत नाही. हे मी लिचेसच्या सरावाच्या विभागात इंजिनाविरुद्ध इतक्या वेळा घोटले, की तीन-चार सेकंद उरलेले असतानाही हे डाव आता बरोबरीत सुटतात. चालीमागच्या दोन सेकंदांचे मोल अशा वेळी कळते.

वेळेचा दबाव सर्वांत अनुभवी खेळाडूलाही सोडत नाही, याचे ताजे उदाहरण आपल्याच महाराष्ट्राशी जोडलेले आहे. जॉर्जियातील बाटुमी येथे जुलै २०२५ मध्ये झालेल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, निर्णय जलद डावांवर गेला आणि दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने बाजी मारली. हंपी ही २०१९ आणि २०२४ ची जागतिक जलद विजेती आहे. असे असूनही त्या डावाच्या अखेरीस घड्याळ तिच्यावर उलटले. मी तो डाव पुनःपुन्हा पाहिला, तो चालींपेक्षा उरलेल्या वेळेकडे लक्ष ठेवून, आणि जलद खेळात ताकद व वेळ या दोन वेगळ्या गोष्टी मानता येत नाहीत हे माझ्या मनात पक्के झाले.

साधनांबद्दल थोडे. ब्लिट्झ मोबाइलवर खेळता येते, पण गंभीरपणे खेळायचे तर संगणक आणि माउस हवा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते आणि वीज गेली की राउटर बंद पडतो. मी राउटरला छोटा बॅटरी बॅकअप जोडून घेतला आणि अर्धवट सुटणारे डाव जवळजवळ थांबले. नेटच्या विलंबाची भरपाई लिचेस काही मर्यादेपर्यंत घड्याळात करून देते, त्यापुढचा भार आपल्यावर असतो.

पडद्यावरची सुधारणा पटावर उतरते का, हा प्रश्न सांगलीत मला सर्वाधिक विचारला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांनी घडवलेल्या या गावात बुद्धिबळ म्हणजे समोरासमोर बसून खेळायचा खेळ, हीच धारणा आहे आणि ती मला प्रिय आहे. माझे उत्तर असे: उतरते, पण आपोआप नाही. पडद्यावर बेकायदेशीर चाल होऊच शकत नाही, शह बसला की राजा लाल दिसतो, घड्याळ आपोआप बदलते. पटावर शह कोणी सांगत नाही, ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबावे लागते आणि पडलेले मोहरे आपल्याच वेळेत सावरावे लागते. यासाठी मी आठवड्यातून एक संध्याकाळ लाकडी पट आणि डिजिटल घड्याळ घेऊन ३+२ खेळते. आमच्यातील एक ज्येष्ठ काका, जे ऑनलाइन खेळत नाहीत, त्यांच्याशी खेळताना मला आजही सर्वाधिक त्रास होतो, कारण ते ओपनिंगमध्ये मुळीच वेळ घालवत नाहीत आणि मोहरी फार लवकर अदलाबदल करून मला सरळ अंतिम डावात ओढतात. माझ्या वेळेच्या आलेखाने जे मला महिन्यांनी शिकवले ते त्यांच्या खेळात आधीपासून आहे.

इंजिनाच्या विश्लेषणावर मात्र सर्वस्वी विसंबू नये, मग ते कोणत्याही संकेतस्थळावरचे असो. इंजिन चूक दाखवते, ती चार सेकंदांत टाळता आली असती का हे सांगत नाही. ब्लिट्झमध्ये ज्या चालीला दोन मिनिटे लागली असती ती न सापडणे ही चूक म्हणून मी मोजत नाही. मी फक्त अशाच चुका वहीत टिपते ज्या एका नजरेत दिसायला हव्या होत्या: सुटा राहिलेला उंट, घोड्याचा दुहेरी हल्ला, मागची मोकळी रांग. ही यादी हळूहळू आखूड होत गेली.

शेवटी, कोणासाठी हे योग्य आहे. ज्यांचे लिचेसवरील रेटिंग १८०० च्या पुढे आहे आणि ज्यांना आपली ओपनिंग बऱ्यापैकी ठाऊक आहेत, त्यांनी ३+२ धरावे. त्याखालच्या खेळाडूंनी, विशेषतः शाळकरी मुलांनी, आधी १०+५ किंवा १५+१० खेळावे. ओळखीच्या रचनाच अजून साठलेल्या नसताना वेग वाढवला तर चुकीच्या चालीच सवयीच्या होतात. मुलाला रात्री झोपण्याआधी मोबाइलवर बुलेट खेळू देणाऱ्या पालकांना मी हेच सांगते, की तोच वेळ त्याला दोन लांब डाव आणि त्यांचे विश्लेषण यांसाठी द्या, आणि विश्लेषणाला त्याच्या शेजारी बसा.