दिवा विझला, पण बिघाड तसाच होता

इंदुरात देवास नाक्याच्या आसपास ट्रक दुरुस्तीला देणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं. आमचा बीएस-6 ट्रक पीथमपूरचा माल घेऊन न्हावा शेवाला जातो. परतताना बिजासन घाटात इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि गाडीची ताकदच उतरली. ड्रायव्हरदादांनी ती कशीबशी इंदूरला आणली.

नाक्यावरच्या एका गॅरेजवाल्याने बिघाडाचे कोड दाखवणारा टॅबलेट जोडला आणि मिनिटभरात निकाल दिला, "भिया, नॉक्स सेन्सर उड गया." म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा सेन्सर गेला. नव्या सेन्सरचे म्हणून 28,000 रुपये घेतले, हाती एक चिठ्ठी दिली. दिवा विझला, ताकद परत आली.

पुढच्या खेपेनंतर ड्रायव्हरदादा म्हणाले, "भाऊ, युरिया कमीच होत नाहीये." शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार ते सहा लिटर युरिया, म्हणजे धूर साफ करायला फवारलं जाणारं डीईएफ, लागतंच. इथे गाडी मुंबई करून आली आणि झाकण उघडून पाहिलं तर टाकी होती तशीच भरलेली! कंपनीच्या वर्कशॉपमध्ये डॅशबोर्ड खोलला तेव्हा वायरिंगला चिकटवलेली काडेपेटीएवढी डबी निघाली. तो एम्युलेटर. इंजिनच्या कॉम्प्युटरला तो खोटे सिग्नल देत राहतो, युरियाची फवारणी बंद असते आणि दिवा मात्र लागत नाही. सेन्सर जुनाच होता, फक्त त्याचा प्लग काढून ठेवला होता. म्हणजे पैसे सेन्सरचे घेतले आणि बसवली बेकायदा डबी. रस्त्यात तपासणी झाली असती तर प्रदूषणाचा गुन्हा गाडीमालकावर आला असता, गॅरेजवाल्यावर नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

टॅबलेटवरच्या कोडचा फोटो ड्रायव्हरदादांनी काढून ठेवला होता, तो कामी आला. एसपीएन 4364, एफएमआय 18. एसपीएन म्हणजे बिघाड कुठे आहे आणि एफएमआय म्हणजे तो कसला आहे. 4364 सोबत 18 आला तर एससीआरमध्ये, म्हणजे युरियाने धूर साफ करणाऱ्या यंत्रणेत, काम हवं तेवढं होत नाही, एवढंच कळतं. कारण भेसळीचं डीईएफ असेल, तुंबलेलं नोझल असेल, एक्झॉस्टची गळती असेल किंवा सेन्सरही असेल. धूर बाहेर पडतो त्या टोकाच्या नॉक्स सेन्सरची वायर तुटली असती तर सहसा 3226 सोबत 5 दिसला असता. फक्त 4364 बघून सेन्सर मेला म्हणणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड.

आमच्या गाडीत युरियाच्या नोझलवर पांढरे खडे जमले होते. कोमट पाण्यात ते विरघळले, नोझल साफ झालं, जुनाच सेन्सर आजही चालतोय. डीईएफमध्ये 32.5 टक्के युरिया असावा लागतो. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे द्रवातलं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर, दोन थेंब टाकले की ते कळतं. ढाब्यावरची सील नसलेली बादली घेऊच नका.

गाडी गॅरेजात गेली की कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या, दोन्ही आकडे दिसतील असा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या, नव्याचा नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या. एकच ट्रक स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते, "धंद्याची गाडी आहे" म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. ती डबी मी जपून ठेवली आहे. कुणाच्या वायरिंगमध्ये तसलं काही दिसलं तर ओळख पटवायला खुशाल येऊन पाहा.