विल्यम्सबर्गमधलं जॉर्ज विद यांचं घर: मागच्या आवारात नक्की जा

पंचवीस वर्षं फौजदारी वकिली केल्यामुळे असेल, व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला गेल्यावर गव्हर्नरचा वाडा मागे ठेवून मी आधी कायद्याचे प्राध्यापक जॉर्ज विद यांचं घर गाठलं. ब्रूटन पॅरिश चर्चला लागूनच आहे. १७५०च्या दशकातलं, विटांचं, दुमजली. मधून बोळ, दोन्ही अंगांना दोन-दोन खोल्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, यॉर्कटाउनच्या वेढ्याआधी, १७८१ साली, सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन इथेच उतरले होते. बहुतेक लोक तेवढं ऐकून पुढे सरकतात.

मी रेंगाळले ती विद सरांसाठी. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन त्यांच्याच हाताखाली कायदा शिकले. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर विद यांची सही आहे, पुढच्याच वर्षी ते व्हर्जिनियाच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती झाले. १७७९पासून विल्यम अँड मेरी कॉलेजात त्यांनी कायदा शिकवला. अमेरिकेतले कायद्याचे ते पहिले प्राध्यापक. राजधानी रिचमंडला गेल्यावर ओस पडलेल्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे जुन्या विधिमंडळाच्या इमारतीत, ते मुलांची मूट कोर्टं (सरावासाठीचे लुटुपुटूचे खटले) भरवायचे, विधेयकांवर वाद घालायला लावायचे. आपण कॉलेजात केलेल्या मूटची मुळं इथपर्यंत जातात, हे कळल्यावर अंगावर काटा आला.

मग मागच्या आवारात गेले. स्वयंपाकघर घरापासून वेगळं आहे. चुलीसमोर उभी राहिले आणि लिडिया ब्रॉडनॅक्स आठवली. ती विद यांच्याकडची गुलाम स्वयंपाकीण. १७८७ साली त्यांनी तिला मुक्त केलं, तरी ती त्यांच्याकडेच राहिली. १८०६ साली रिचमंडच्या घरात विद यांच्यावर विषप्रयोग झाला. ते गेले, त्यांच्याकडे शिकणारा मायकेल ब्राउनही गेला, लिडिया वाचली. संशय विद यांच्या बहिणीच्या नातवावर होता. त्या सकाळी त्याला कॉफीच्या भांड्यापाशी आणि नंतर आगीत पांढरा कागद टाकताना लिडियाने पाहिलं होतं, असं सांगतात. पण कृष्णवर्णीयाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध चालत नव्हती. आरोपी सुटला.

उलटतपासणीत मी कितीतरी साक्षी मोडून काढल्या आहेत. पण साक्षीदाराला पिंजऱ्यात उभंच राहू द्यायचं नाही? आणि जेफरसन आणि व्हर्जिनियातले कायदेतज्ज्ञ पेंडलटन यांच्याबरोबर व्हर्जिनियाचे कायदे नव्याने लिहायला बसलेल्या समितीत विद स्वतः होते. साक्षीवरची ती बंदी त्यांच्या मसुद्यातही तशीच राहिली होती.

घर आतून बघायला तिकीट लागतं, ते काढाच. पण निम्मा वेळ त्या चुलीपाशी काढा.